काकूंच्या घरात वाईन

आधी ते दार लोटून घ्या, मग सांगते. आमच्या खामगावात भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडंही आहेत. आणि ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली असं कुणाला कळता कामा नये. मी तशी फक्त चौघींना सांगितली आहे. तुम्ही पाचव्या.

तर आमच्या समोरच्या काकू. गळ्यात तुळशीची माळ, गुरुवार म्हटला की शेगाव, एकादशीला कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. अशा घरातला नातू. शेगावच्याच संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, पुण्याला नोकरीला लागला, दिवाळीला घरी आला. पोरगा गच्चीवर फोनवर बोलत होता आणि काकू जिन्यात उभ्या होत्या. मुद्दाम नाही, सहज. सहज उभं राहण्यात आमच्या गल्लीचा हात कुणी धरणार नाही.

दहाव्या मिनिटाला काकू माझ्या ओट्यावर.

"पोट्टं हातचं गेलं वं बाई! म्या माह्या कानानं आयकलं. दोस्ताले सांगून रायलं होतं, आंदी वाईन टाक म्हने. मंग बाटलीत घालून पाय म्हने. नाई जमलं तं त्या मॅकवाल्याजोळ व्हिस्की हायच!"

"मॅक म्हणजे कोण, काकू?"

"असंन एखांदा मवाली."

आता चौकशी करायला नको? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? चिवड्याची वाटी घेतली आणि गेले. पोरगा पलंगावर बसून लॅपटॉप बडवत होता. वास घेतला. फक्त उटण्याचा आला. सरळ विचारलं, तर तो इतका हसला की चिवडा सांडला.

वाईन हे म्हणे सॉफ्टवेअरचं नाव. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालवायचं साधन. १९९३ साली कामाला सुरुवात झाली आणि १.० आवृत्ती बाहेर पडली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं! आमच्याकडे कैरीचं लोणचंसुद्धा इतकं कुणी मुरवत नाही. बाटल्याही खऱ्या: बॉटल्स नावाचं एक सॉफ्टवेअर प्रत्येक प्रोग्रामला वाईनची वेगळी बाटली काढून देतं, म्हणजे एकाची घाण दुसऱ्यात मिसळत नाही. मॅक म्हणजे मवाली नव्हे, ॲपलचा संगणक; त्याच्यावरची व्हिस्कीही खरी, तसलंच साधन, पण तिच्या कर्त्यानं २०२५ मध्ये तिची देखभाल थांबवली. चला, एकानं तरी व्हिस्की सोडली. आणि त्याच मॅकवर प्रोग्राम आणून बसवायला होमब्रू नावाची एक चक्क हातभट्टी आहे. तिच्यात तळघर, पिंप, तोटी, बाटली अशी सगळी भांडी त्या त्या नावानं मांडलेली. या लोकांना नावं ठेवायला दुसरं काही सुचत नाही का? हरिपाठ, प्रसाद, अंगारा... किती चांगले शब्द पडलेत.

काकूंना हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. नातू सुधारल्याचा आनंद झाला असेल, पण एवढी मोठी बातमी हातची गेल्याचं दुःख त्याहून मोठं दिसलं. मी धीर दिला. म्हटलं, काकू, दारू नसली तरी भानगड आहेच. आणि ती लग्नाची आहे.

तुम्ही जरा जवळ सरका.

आपल्या काळी प्रोग्राम कसा होता? एका घरचा. विंडोजसाठी लिहिला की विंडोजवर जन्म काढायचा. दुसऱ्या प्रणालीकडे मान वर करून बघायचं नाही. आमच्या लोणारच्या सरोवरात म्हणे असे बारीक जीव आहेत, की त्या खारट, बुळबुळीत पाण्यातच मजेत राहतात. गोड्या पाण्यात सोडले तर खलास. तसं. आणि हल्लीच्या पोरांना वेड लागलंय ते असं, की प्रोग्राम कुठल्याही सासरी नांदला पाहिजे! विंडोजकडे नांदला पाहिजे, मॅककडे नांदला पाहिजे, लिनक्सकडे नांदला पाहिजे, वर फोनवरही. चार चार घरं! आणि पोरं हे छाती फुगवून सांगतात. त्याला पोर्टेबल म्हणतात. आमच्या वेळी याला वेगळा शब्द होता.

बरं, नांदणं सोपं असतं का? प्रत्येक घरची रीत वेगळी. फाइलचा पत्ता लिहिताना विंडोजकडे रेघ एका बाजूला कलते, लिनक्सकडे दुसऱ्या. विंडोजकडे इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच मानतात. लिनक्सकडे 'हिशोब'चं पहिलं अक्षर मोठं काढलं की ती निराळीच फाइल, ओळख दाखवणार नाही. आमच्या जिल्ह्याचंच बघा. कुणी बुलडाणा लिहितो, कुणी बुलढाणा; इंग्रजीत एक एच घालावा की नाही यावरही दोन तट. माणसं सांभाळून घेतात, बस तिकडेच जाते. यंत्र नाही सांभाळून घेत. त्याच्या लेखी ते दोन जिल्हे.

आणि ओळ संपवायची रीत? ही गंमत मला पोराला शिकवावी लागली, बरं का. मी मराठी टायपिंगची तीसची परीक्षा दिलेली बाई. आमच्या यंत्रावर ओळ संपली की दोन कामं: गाडा ढकलून उजवीकडे न्यायचा आणि रूळ फिरवून कागद एक ओळ वर घ्यायचा. विंडोजनं ती दोन्ही कामं जशीच्या तशी जपली. ओळीच्या शेवटी दोन खुणा घालतं, एक गाड्याची, एक रुळाची. लिनक्सवाले म्हणाले, गाडा कुठं राहिलाय आता? एकच खूण पुरे. झालं. लिनक्सवर लिहिलेलं पत्र विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडलं की सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर, श्वास घ्यायला जागा नसायची. नोटपॅडला ही एक खूण समजायला २०१८ साल उजाडलं. टंकलेखन यंत्र भंगारात गेलं, त्याचा गाडा मात्र अजून विंडोजच्या घरात ढकलला जातोय.

आता ही पोरं प्रोग्रामला चार घरी नांदवतात कशी? तऱ्हा ऐका.

जुनी खानदानी तऱ्हा म्हणजे कापड एक, शिवण प्रत्येक घरी नवी. मूळ प्रोग्राम अशा भाषेत लिहायचा की जी कुठल्याच एका यंत्राची नाही, आणि ज्या घरी जायचं तिथलं माप घेऊन तिथेच शिवून घ्यायचा. युनिक्स नावाच्या प्रणालीनं हेच केलं. आधी ती एकाच यंत्राच्या बोलीत लिहिलेली होती. १९७३ मध्ये बेल लॅब्समध्ये ती सी भाषेत नव्यानं लिहिली आणि १९७७ मध्ये इंटरडेटा नावाच्या अगदी परक्या यंत्रावर नेऊन बसवली. तोवर प्रणाली म्हणजे यंत्राच्या पोटची पोर, ती कुठं जाते, असा समज होता. ही गेली. आणि एकदा उंबरा ओलांडल्यावर मग काय विचारता!

दुसरी तऱ्हा जावाची. सन कंपनीनं १९९५ मध्ये आणली. हिचं म्हणणं, मी कुणाच्याच स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही, माझी चूल माझ्यासोबत. प्रत्येक घरात आधी जावाची आभासी चूल मांडायची, मग तिचे पदार्थ कुठंही सारखेच. एकदा लिहा, कुठंही चालवा, अशी दवंडी पिटली होती. टवाळ लोक म्हणायचे, एकदा लिहा आणि सगळीकडे दुरुस्त करत बसा. त्यात मायक्रोसॉफ्टनं या चुलीत स्वतःची लाकडं घातली, म्हणजे त्यांच्या जावाचा पदार्थ फक्त त्यांच्याच घरी शिजावा. सन कंपनी १९९७ मध्ये कोर्टात गेली. सव्वातीन वर्षांनी, जानेवारी २००१ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं दोन कोटी डॉलर मोजले तेव्हा मिटलं. दोन कोटी डॉलर, बाई! आमच्याकडे फारकतीत भांडीसुद्धा धड परत मिळत नाहीत.

तिसरी तऱ्हा, इलेक्ट्रॉनवाली, तर विचारू नका. ही येताना सगळं माहेर घेऊन येते. प्रोग्राम एवढासा, चार ओळी टिपून ठेवायचा, आणि त्याच्या पोटात क्रोमियम नावाचा आख्खा ब्राउझर. असे तीन प्रोग्राम उघडले की तीन माहेरं एकाच वेळी घरात, आणि लॅपटॉपचा पंखा आमच्या जिनिंगमधल्या यंत्रासारखा घोंघावतो. पण कुठंही नांदते म्हणून सगळ्यांची लाडकी. फोनवाल्यांचं फ्लटर आहे, आणखी कायकाय आहे, त्यांची कुंडली मी अजून पुरती काढलेली नाही.

आणि वाईन? वाईन म्हणजे नाटक कंपनी. तिच्या नावाचा इंग्रजी विस्तारच असा, की मी नक्कल करणारं यंत्र नव्हे. नक्कल नाही तर काय, दुभाषी म्हणे. विंडोजचा प्रोग्राम येतो, मला खिडकी काढून द्या, फाइल उघडून द्या, असं विंडोजच्या भाषेत मागतो. वाईन 'हो बाळा' म्हणते, मागणी लिनक्सच्या भाषेत आतल्या खोलीत पोचवते आणि आणून हातात देते. त्या भोळ्याला पत्ताच नाही की आपण परक्या घरात आहोत. वर त्याच्यासाठी खोटा सी ड्राइव्ह मांडून ठेवलेला असतो. पोरानं मला उघडून दाखवला. साधा फोल्डर हो! आत विंडोज नावाची खोली, प्रोग्राम फाइल्स नावाची खोली, सगळा नाटकाचा पडदा. एका निरागस प्रोग्रामची एवढी फसवणूक मी डोळ्यांनी पाहिली आणि, खोटं कशाला बोलू, मला ती आवडली.

हे सगळं आताच का उफाळलं, ते विचारा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. विंडोज ११ घ्यावं तर त्याच्या अटी नवरदेवाच्या मामापेक्षा जास्त. सुरक्षेची अमुक सोय हवी, प्रोसेसर तमुक पिढीचा हवा. धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. मग पोरांनी त्यांच्यावर लिनक्स बसवायला घेतलं. काकूंच्या नातवानं दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतले तीन बाटवले. त्याचं म्हणणं, हे लिनक्सचं वर्ष. पण हे मी त्याच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ऐकतेय. जळगाव जामोदकडे भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. लिनक्सवाल्यांचं भाकीत दर वर्षी एकच, आणि घट मात्र कुणी मांडलेला दिसत नाही.

तरी त्या लिनक्सची स्वतःची कुळकथा ऐकाल तर तोंडाला पदर लावाल. हेलसिंकीचा विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स. १९९१ मध्ये त्यानं ती लिहिली तीच मुळी एका इंटेल ३८६ प्रोसेसरला चिकटवून. ही दुसरीकडे जाणारी नाही, असं त्यानंच सांगून टाकलेलं. जानेवारी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या टॅनेनबॉम सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं: रचना जुनाट, वर एकाच यंत्राला बांधलेली, माझा विद्यार्थी असतास तर गुण काही फार मिळाले नसते. पोरगं बावीस वर्षांचं, उलटून बोललं. आणि आज तीच घरकोंबडी तुमच्या ॲण्ड्रॉइड फोनच्या गाभ्यात बसली आहे, आणि जगातले सगळ्यात वेगवान पाचशे संगणक मोजले तर २०१७ पासून पाचशेच्या पाचशे हिच्याच घरचे. बिचारीला फक्त आमच्या खामगावातल्या टेबलावर जागा मिळत नव्हती.

आणि सगळ्यात मोठी बातमी तर पुढेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ज्या स्टीव्ह बॉल्मर साहेबांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं, त्यांच्याच कंपनीनं २०१६ मध्ये विंडोजच्या आत लिनक्सच्या प्रोग्रामांना राहायला खोली काढून दिली. पुढे तर लिनक्सचा खराखुरा गाभाच घरात घेतला. जिच्या नावानं पंधरा वर्षं बोटं मोडली, तिलाच माजघरात आणून बसवलं! आणि कुणी काही बोललं का? नाही. मोठ्यांच्या घरचं सगळं खपतं. काकूंच्या नातवानं जुन्या लॅपटॉपवर वाईन टाकली की मात्र गल्ली गोळा होते.

असो. मी कुणाला नावं ठेवत नाही. कारण यात माझाही हात आहे, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

मी नोकरी केली ती एका कचेरीत टंकलेखिका म्हणून. कुठल्या ते जाऊ द्या. तिथं संगणकावर कृतिदेव फॉण्ट. आता कृतिदेव म्हणजे काय, तर इंग्रजी अक्षराला नेसवलेली मराठी साडी. यंत्र आत इंग्रजीच साठवतं, वरून फक्त दिसायला मराठी. साडी उतरली की संपलं. मी एकदा जिल्ह्याच्या नावानं सुंदर अहवाल करून वरच्या कचेरीत पाठवला. त्यांच्या यंत्रावर कृतिदेव नव्हता. बुलढाणा या शब्दाच्या जागी त्यांना काय दिसलं? सी, क्यू, वाय, मग गणितातली 'पेक्षा लहान'ची खूण, के, टिंब, के, के. साहेबांनी फोन करून विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना? मराठी हा शब्दसुद्धा तिकडे ईजेकेबीएच होऊन पोचला होता. म्हणजे प्रोग्राम राहिला बाजूला, आमची भाषाच दुसऱ्या घरी नांदत नव्हती. मजकुरासोबत फॉण्टची फ्लॉपी पाठवायची, अशी रीतच पडली. जलंबला मुंबईची गाडी सोडून खामगावच्या गाडीत बसताना गाठोडं स्वतःच उचलायचं असतं, तशी.

गंमत म्हणजे १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला हक्काची जागा होती. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, कुठल्याही घरी तोच. आमच्यापर्यंत ती बातमी पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. बातम्या पोचवण्यात आम्ही वाकबगार, पण कामाच्या नाही. आणि पोचल्यावरही एक उणं होतंच. अ वर चंद्र काढलेलं ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ व्या आवृत्तीत. तोवर ॲप हा शब्द धड लिहिता येत नव्हता, आणि इथं ॲप कुठं कुठं चालावं यावर वाद!

तर माझा हात. काकूंचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, आयुष्यभर एका जिनिंग फॅक्टरीत मुनीम होते. रुई, सरकी, गाठी, कुणाची उचल किती, सगळं त्यांच्या बोटावर. नव्वदच्या दशकात कुण्या हौशी माणसानं त्यांना विंडोज ३.१ वर चालणारा हिशोबाचा प्रोग्राम करून दिला होता. सोळा बिटांचा. फॅक्टरी बंद पडली, संगणक माळ्यावर गेला, अण्णा सोप्यावर बसले. काही विचारलं तर हं, नाहीतर हं-हं.

पोरानं माळ्यावरचा संगणक काढला, त्याच्या हार्ड डिस्कमधून तो प्रोग्राम उपसला आणि मामाच्या कोऱ्या करकरीत विंडोज ११ वर चालवून पाहिला. विंडोज म्हणालं, हे माझ्याकडे चालत नाही. पोटची पोर, आणि ओळख नाही! चौसष्ट बिटांचं विंडोज सोळा बिटांच्या प्रोग्रामांना दारात उभंच करत नाही. मग त्यानं लिनक्स लावला, वाईन ओतली, आणि तो प्रोग्राम तीस वर्षांची झोप झाल्यासारखा उठून बसला. सख्ख्या आईनं हाकलला, परक्या घरी नांदायला लागला.

फक्त अक्षरं सगळी सी, क्यू, वाय. साडी नव्हती ना! पोरगं डोकं धरून बसलं. मी गुपचूप घरी आले, पत्र्याची ट्रंक उघडली, आणि सासूबाईंच्या पैठणीखाली जपून ठेवलेली कृतिदेवची सीडी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं तो फॉण्ट त्या खोट्या सी ड्राइव्हमधल्या खोट्या विंडोजच्या फॉण्टच्या खोलीत ठेवला. प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला.

अण्णा सोप्यावरून उठले. चष्मा लावला. पडद्यावर १९९६ चा हंगाम, ओळीनं नावं, पुढे आकडे. एकेक नाव वाचत, मधूनच हसत, कुणाच्या किती गाठी ते सांगत राहिले. काकू पदर खोचून शेजारी उभ्या. आता शेजारपाजाऱ्यांनी विचारलं तर त्याच छातीठोक सांगतात, "आमच्या घरी वाईनवरच चालते सारं."

आणि त्या यादीत एका ठिकाणी अण्णांचं बोट थांबलं. उचल घेतलेली, परतफेडीचा रकाना कोरा. तीस वर्षं कोरा. नाव वाचलं आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. कारण ते नाव कुणाचं निघालं माहितीय? आपल्याच गल्लीतल्या, रोज सकाळी लोकांना व्यवहार शिकवणाऱ्या...

थांबा. ते दार नीट लागलंय का बघा आधी.